रंगमंचावरून घरी जाण्याचा हक्क

मी रातमिनाह, वडिलांचं नाव वोंग्सो, वय त्रेपन्न, धंदा लोकांना हसवणे (सध्या बंद), राहणार नाट्यगृहाची पुढली खोली, केदुंगसारी, मध्य जावा, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल पुढेमागे कोणाला शंका आलीच, तर तिचं कारण मी आधीच नोंदवते. माझ्या खिडकीसमोर कला महाविद्यालयाने एक लोखंडी फूल उभं केलं आहे. त्याचं नाव ‘श्वास’. वारा आला की ते फिरतं आणि फिरताना किरकिरतं. मी परिसर कार्यालयात रीतसर तक्रार दिली. एक तरुण आला, फुलाखाली डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला आणि (आमच्यात वडीलधाऱ्या बाईला ‘बू’ म्हणतात) म्हणाला, “बू, ही किरकिर कलाकृतीचाच भाग आहे. तिला तेल लावलं तर ते विद्रूपीकरण होईल.” तेव्हापासून मी किरकिर ऐकत जेवते, किरकिर ऐकत झोपते आणि आता किरकिर ऐकत मरणार आहे. माझ्या छातीतूनही तसाच आवाज येतो. तो कलाकृतीचा भाग नसल्यामुळे डॉक्टरांनी त्याच्यावर औषध दिलं. औषधाचा उपयोग होणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून हे लिहिणं.

हे मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द नोटरीबाईंचा. मी राजी आहे, खुशीत नाही.

वाचणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून मुद्दा आधी सांगते. आमच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या मागे तीन म्हातारी माणसं राहतात. मी गेल्यावर त्यांच्या डोक्यावर छप्पर राहील की नाही, एवढाच या कागदाचा विषय आहे. बाकी जे येईल ते माझ्या तोंडाच्या सवयीमुळे येईल.

कलम १. मिळकत. ही जागा माझ्या वडिलांनी, केतोप्राक लोकनाट्य मंडळी ‘लांगेन राहायु’चे मालक वोंग्सो यांनी, मंडळी गावोगाव फिरून थकल्यावर विकत घेतली. त्यांच्या खरेदीखतात चतुःसीमा अशी दिली आहे: पूर्वेस टोफूवाल्याचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस कालवा. ती आता अशी वाचावी. पूर्वेस महाविद्यालयाचं प्रयोग भवन. टोफूवाला कुठे गेला माहीत नाही, पण त्याच्या जात्याचा दगड भवनाच्या दारात शोभेला ठेवला आहे आणि त्याच्यावर बसू नये अशी पाटी लावली आहे. पश्चिमेस शिल्पपथ. तो म्हणजे आमचाच बोळ, फक्त आता त्याला दोन्ही बाजूंनी फाटक आहे आणि किल्ली कार्यालयात असते. दक्षिणेस रस्ता आणि वर सांगितलेलं फूल. उत्तरेस कालवा तसाच आहे, कारण घाण पाण्याला अजून कोणी कलाकृती म्हटलेलं नाही.

या सगळ्याला मिळून ‘कला परिसर’ म्हणतात. त्याच्या उद्घाटनाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की इथे पूर्वी कलावंतांची वस्ती होती आणि त्या वस्तीचा आत्मा जपायचा आहे. आत्मा जपायचा ठरल्यावर शरीरांचं काय करायचं ते आपोआप ठरतं.

कलम २. रंगमंचामागच्या खोल्या. केतोप्राकवाले रंगमंचामागेच राहतात. पूर्वी बांबूच्या मांडवात राहायचे, मग इथे विटांच्या खोल्यांत. पुढे महाल, मध्ये पडदा, मागे चूल. माझा जन्म तिसऱ्या खोलीत झाला तेव्हा पुढे युद्धाचा प्रवेश चालू होता, आणि आईची किंकाळी प्रेक्षकांना शत्रूची वाटली, असं वडील सांगत. वडिलांनी भर मंडळीत शब्द दिला होता: जो या रंगमंचावर म्हातारा होईल त्याने या रंगमंचामागे राहावं. भाडं नाही, करार नाही. आमच्याकडे नाटकही लिहिलेलं नसतं, तर करार कुठून लिहिणार. दुपारी मालक गोष्ट सांगतो, कोण राजा, कोण शत्रू, कोण मरणार, आणि संध्याकाळी ज्याने त्याने आपलं बोलणं जागेवर करायचं. नियम एकच. समोरच्याने टाकलेलं वाक्य पाडायचं नाही. त्याने तुला भाऊ म्हटलं की तू भाऊ. त्याने तलवार मागितली की तू ती द्यायची, तुझ्याकडे नसली तरी. रंगमंचावर ‘नाही’ म्हणणारा नट आमच्यात जेवायला बसला तर त्याच्याशी कोणी बोलत नसे. या नियमातून सूट फक्त विदूषकाला. तो मी. राजाने भलतंच काही देऊन टाकलं तर त्याच्या हातून ते परत काढून घेणं आणि लोकांना हसवणं, हे मी बत्तीस वर्षं केलं.

कलम ३. पाक सुरोदिपो यांचा शब्द. हे कलम नोटरीबाई गाळा म्हणाल्या, कारण यात कोणाला काही दिलेलं नाही. खरं आहे. यात घेतलेलं आहे.

पाक सुरोदिपो (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात ‘पाक’) आमचे राजे. तरुणपणी सेनापती होते, गुडघे गेल्यावर राजा झाले, कारण राजाला बसायला मिळतं. खाली उतरल्यावरही ते हळू बोलत आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी घेत. त्यांची बायको बू पाइनेम चहाचं दुकान चालवायची आणि त्यांना सगळ्यांदेखत ‘महाराज, पाणी भरा’ म्हणायची. ते भरत.

कला परिसराच्या उद्घाटनाला महाविद्यालयाने आमचा खेळ ठेवला. आमच्यात मोठ्या पाहुण्याला एक प्रवेश देण्याची पद्धत आहे. पोलीस अधिकारी येतो, बँकेचा साहेब येतो, ऋषी किंवा परदेशी दूत होतो, दोन वाक्यं बोलतो, त्याच्या बायकोला तो महिनाभर आवडतो. त्या दिवशी पाहुणे होते महाविद्यालयाचे उपप्रमुख, प्रोफेसर हार्तांतो. ते ऋषी झाले. मी त्या दिवशी इस्पितळात होते, छातीतला तुकडा काढून तपासायला नेला होता. म्हणून पुढचं मी चित्रफितीत पाहिलं आहे. चित्रफीत महाविद्यालयानेच काढली. तीन कॅमेरे होते, त्यामुळे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी तेच घडतं.

ऋषी राजासमोर आले, हात जोडले आणि म्हणाले, “महाराज, आपल्या महालामागे जी प्रजा राहते, तिच्या जागी विद्येचं मंदिर उभं राहावं, एवढीच याचना घेऊन आलो आहे. येत्या अमावास्येआधी ती जागा मिळावी.”

पाक सुरोदिपो थांबले. ते थांबणं मी पुष्कळदा पाहिलं आहे. ते डाव्या विंगेकडे बघतात. तिथे मी उभी असते. नंतर त्यांनी उजवा हात उचलला.

“ऋषिवर, दिलं,” ते म्हणाले. “अमावास्या कशाला? राजा आपली प्रजा घेऊन आज सूर्य मावळायच्या आत निघेल.”

टाळ्या. प्रोफेसरांच्या तोंडावरही आश्चर्य दिसतं, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त मिळेल अशी त्यांनाही अपेक्षा नव्हती. प्रेक्षकांना तो खेळ वाटला. विंगेतल्यांना मात्र समजलं. पडदा पडल्यावर पाक सुरोदिपोंनी मुकुट खुंटीला लावला, खोलीत जाऊन चटई गुंडाळली, आणि पाइनेमला म्हणाले, चल. ती सांगते ते तिच्याच शब्दांत देते.

“मी म्हटलं, अहो, नाटकातलं बोलणं ते. कोण धरून बसतंय. तर म्हणाले, पाइनेम, मी आयुष्यात दुसरं काय बोललोय?”

राजा निघाला म्हटल्यावर मागची माणसंही निघाली. कोणाच्या हातात पातेली, कोणाच्या हातात पंखा. बसमध्ये पाक सुरोदिपो रंगलेल्या चेहऱ्याने, कोरलेल्या भुवयांनी, अंगात साधा सदरा आणि मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसले होते. एका विद्यार्थ्याने फोटो काढला. लोकांना तो फार आवडला. बस टर्मिनसमागे त्यांनी खोली घेतली. तिथे खिडकी नव्हती. पावसाळा संपायच्या आत ते गेले. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं. मीही तेच लिहिते.

फक्त गिमान गेला नाही. गिमान आमचा राक्षस आणि पडदा ओढणारा. तो ठार बहिरा आहे, नटांचे पाय पाहून पडदा पाडतो. राजाने शब्द दिला तो त्याने ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खोल्या रिकाम्या दिसल्या, तेव्हा त्याने आपली बायको सुलास्त्री हिला (ती अंथरुणाला खिळलेली आहे) हाताने विचारलं की सगळे कुठे दौऱ्यावर गेले, आणि आपल्याला का नेलं नाही. तिने चुलीकडे बोट दाखवलं. त्याने चूल पेटवली. पाइनेम नवऱ्याला पुरून परत आली आणि त्याच चुलीशी बसली. म्हणाली, “राजाने शब्द दिला, राणीने नाही दिला.” ही ती तीन माणसं.

महाविद्यालयाने ती चित्रफीत बैठकीत दाखवली. खाली ओळ होती: ‘रहिवाशांची जाहीर व आनंदी संमती’. त्या आधारावर बोळ बंद झाला आणि शिल्पपथ झाला. नंतर आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर पाक सुरोदिपोंचा चेहरा रंगवला, दोन मजली, मुकुटासह. चित्रकार मुलगी चांगली होती, फोटो मागायला आली तेव्हा पाइनेमच्या पाया पडली. आता पाइनेम त्या चेहऱ्याच्या हनुवटीखाली दोरी बांधून कपडे वाळत घालते. कार्यालयाने तिला कळवलं की त्यामुळे चित्राची शोभा जाते. तिने कळवलं की हा नवरा आहे, आणि याच्याखाली तिने चाळीस वर्षं कपडे वाळवले आहेत.

कलम ४. किरकोळ वस्तू आणि किरकोळ राग. माझा नवरा काडीमोड देऊन मंडळीतल्या राजकन्येबरोबर सुमात्राला गेला. त्याला मी काही ठेवत नाही, खोकलासुद्धा नाही.

पाच रंगवलेले पडदे आहेत: महाल, जंगल, बाजार, समुद्र, स्मशान. तिकीटखिडकीच्या जागी महाविद्यालयाने जी कॉफीची जागा काढली आहे (तिथल्या एका पेल्याच्या किमतीत आमची अख्खी मंडळी रात्रीचं जेवत असे), तिच्या मालकाने समुद्र मागितला आहे. त्याला स्मशान द्यावं. उरलेले चार चित्रकार मुलीला, ती पाया पडली म्हणून.

लाकडी ठोकळा आणि त्याची मोगरी, जिच्या आवाजावर प्रवेश सुरू होतो आणि संपतो, ती गिमानला. तो ऐकू शकणार नाही, पण त्याला ती हातात जाणवते असं त्याने मला अनेकदा दाखवलं आहे.

माझे विदूषकाचे कपडे जाळावेत. काचेच्या पेटीत ठेवू नयेत. पेटीतल्या विदूषकाला कोणी हसत नाही, पाहुणे फक्त माना डोलावतात.

कलम ५. पुतण्या. आता युवोनो. माझ्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा, माझा एकमेव वारस, आणि कला परिसराचा विकास अधिकारी. तो लहान असताना खेळ चालू असला की आम्ही त्याला पोशाखांच्या पेटाऱ्यात झोपवत असू. कित्येकदा राजाला त्याच्या अंगाखालून शेला ओढून घ्यावा लागे. त्याचा पहिला शब्द ‘पडदा’ होता. त्याला शिकवला मी, म्हणजे तो बिघडला कुठे ते मला शोधता आलं पाहिजे होतं.

मी इस्पितळातून आल्यावर तो संत्री घेऊन भेटायला आला. सोलून देऊ लागला. तो मला ‘बुलिक’, म्हणजे आत्या, म्हणतो, मी त्याला ‘ले’, म्हणजे पोरा.

मी विचारलं, “ऋषीचं वाक्य कोणी लिहिलं, ले?”

तो संत्र्याचे दोरे काढत राहिला. “बुलिक, प्रोफेसरांना दोन ओळी हव्या होत्या.”

“त्यांना दोन ओळी हव्या होत्या. ‘नाही’ म्हणता येणार नाही अशी ओळ कोणाला हवी होती?”

“मला वाटलं पाक सुरोदिपो हसण्यावारी नेतील. एवढी वर्षं स्टेजवर काढलेला माणूस.”

“राजा हसण्यावारी नेत नाही. ते माझं काम असतं. आणि मी नाही हे तुला ठाऊक होतं, कारण इस्पितळाची गाडी तूच बोलावली होतीस.”

त्याने सोललेलं संत्रं बशीत ठेवलं आणि म्हणाला, “बुलिक, ती माणसं तिथे सडत होती. छत गळतं, संडास कालव्यावर. मी पुनर्वसनाच्या यादीत त्यांची नावं घातली होती. चांगल्या खोल्या होत्या.”

“कुठे आहेत त्या खोल्या?”

“मंजूर व्हायच्या आहेत,” तो म्हणाला.

हे मी त्याला लाजवायला लिहीत नाही. तो लाजला होता, आणि लाजून झाल्यावर त्याने विचारलं की जागेचं काय ठरवलंयस. म्हणून हे मृत्युपत्र.

आमच्या कायद्यात मी इच्छापत्राने परक्याला एक तृतीयांशपर्यंत देऊ शकते. बाकीचं वारसाला जातं, माझी इच्छा असो वा नसो. त्याप्रमाणे मिळकतीचा पुढचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे रस्त्याकडची खोली, प्रेक्षागृह आणि पूर्ण रंगमंच, युवोनोला जाईल. तो कायदा देतो, मी देत नाही. त्याने तो महाविद्यालयाला विकावा, भाड्याने द्यावा, काळा रंग देऊन प्रायोगिक करावा. मला अडवता येत नाही. सोबत राजाचा चामड्याचा मुकुट मात्र मी स्वतः त्याला देते. पाक सुरोदिपोंनी लावला तसाच तो खुंटीवर आहे. आतल्या पट्टीवर घामाचा डाग आहे. तो साफ करू नये.

कलम ६. मागचा एक तृतीयांश. रंगमंचाच्या मागच्या भिंतीपासून कालव्यापर्यंतची जागा, सर्व खोल्या, चूल, विहीर आणि दोरी बांधण्याचे खिळे यांसह, मी पुढील तिघांना समाईक देते: बू पाइनेम, गिमान, सुलास्त्री. तिघांपैकी जो मागे राहील त्याच्याकडे सगळं जावं. शेवटच्यानंतर ती जागा केतोप्राकमध्ये म्हातारं झालेल्या आणि कुठे जायला जागा नसलेल्या कोणालाही राहायला असावी. असा माणूस सापडणं कठीण जाणार नाही. मोजणी नोटरीबाईंनी मोजणीदार आणून करून घेतली आहे आणि भाग एक तृतीयांशाच्या हातभर आतच येतो.

कलम ७. वाट. मोजणीदाराने फीत गुंडाळली आणि विचारलं, या जागेत यायचं कुठून. पूर्वेस प्रयोग भवनाची भिंत, तिला दार नाही. पश्चिमेचा बोळ महाविद्यालयाने स्वतःच्या हाताने बंद केला. उत्तरेस कालवा. नोटरीबाई तरुण आहेत, स्कूटरवरून येतात, हेल्मेट मांडीवर ठेवून लिहितात. त्यांनी नकाशा उलटसुलट फिरवला.

“बू, मग एकच वाट राहते,” त्या म्हणाल्या. “पुढच्या दारातून, खुर्च्यांच्या मधून, आणि स्टेजवरून.”

“तीच लिहा,” मी म्हटलं.

“मी आजवर असा रस्ता कधी लिहिलेला नाही.”

“पाइनेमने मात्र चालून चालून पाडला आहे. बोळ बंद झाल्यापासून ती रोज तिथूनच घरी जाते.”

त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि लिहिलं. तेव्हा या कलमाने पुढच्या भागावर कायमचा वहिवाटीचा हक्क राखून ठेवला आहे, तो मालक बदलला तरी बदलणार नाही. मागे राहणाऱ्या कोणालाही, आणि त्याच्याकडे येणाऱ्या कोणालाही, पुढच्या दारातून आत येऊन प्रेक्षागृहातून आणि रंगमंचावरून घरी जाण्याचा व घरातून बाहेर पडण्याचा हक्क आहे, दिवसा वा रात्री, प्रयोग चालू असो वा नसो. त्याला मध्यंतरापर्यंत थांबवता येणार नाही. काळं कापड पांघरून जा असं सांगता येणार नाही. वाकून जा असं तर नाहीच नाही. त्याच्याबरोबर पाण्याची बादली, तांदळाचं पोतं, गॅसची टाकी, ओले कपडे आणि कोंबडी जाऊ शकेल. सुलास्त्रीला खुर्चीतून डॉक्टरकडे न्यायचं असेल तर ती खुर्ची तिथूनच जाईल. आणि सुलास्त्री किंवा त्यांच्यातलं कोणीही मेलं तर तिरडी त्याच वाटेने निघेल, समोर परदेशी पाहुणे बसले असले तरी. प्रेक्षकांनी उभं राहायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

नोटरीबाईंनी इथे विचारलं की महाविद्यालयाने मागे नवीन दार पाडून दिलं तर चालेल का. मी म्हटलं, तिघांनी एकत्र, लेखी मागितलं तर. रंगमंचावर मागितलेलं लेखी धरू नये.

कलम ८. ‘नाही’. हे शेवटचं दान, आणि याला मोजणीदार लागत नाही. वर सांगितलेल्या वाटेने जाताना रंगमंचावरच्या कोणी, ऋषीने, पाहुण्याने, अधिकाऱ्याने, किंवा माझ्या पुतण्याने, या तिघांपैकी कोणाकडे काही मागितलं, तर त्याला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण हक्क मी लांगेन राहायु मंडळीची शेवटची मालकीण या नात्याने लिहून देते. मग तो कुठल्याही वेशात असो, समोर कितीही कॅमेरे असोत. वडिलांचा नियम मी इथे मोडते. ते वर भेटले तर त्यांना मी सांगेन. राजाकडे हा हक्क नव्हता. त्याच्यासाठी तो विदूषक बाळगत असे, आणि त्या दुपारी विदूषक दुसरीकडे टेबलावर पडला होता.

युवोनो, ले, हे कलम तुझ्यासाठीही आहे. तुझ्याकडे प्रोफेसर पुन्हा दोन ओळी मागायला येतील.

कलम ९. माझं शरीर. मला वडिलांच्या शेजारी पुरावं. महाविद्यालयाने भाषण करू नये, बाकाला, पायरीला वा वृक्षाला माझं नाव देऊ नये. शंभराव्या दिवसाचं जेवण पाइनेमने रांधावं, रंगमंचावर बसून खावं, आणि त्यासाठी सभागृह आरक्षित करण्याचा अर्ज भरू नये.

वरील मजकूर मी वाचला, नोटरीबाईंनी मोठ्याने वाचला, गिमानला पाइनेमने हाताने सांगितला. त्याने वाटेचं कलम दोनदा सांगायला लावलं आणि रंगमंचाकडे बोट दाखवून हसला. तो त्याला नेहमीप्रमाणे खेळ वाटला की नाही, ते समजायला मार्ग नाही.

लिहून देणार: रातमिनाह (सही, वाकडी आली ती औषधाने, भीतीने नव्हे)

साक्षीदार:
१. वाकिदी, गुरांचा डॉक्टर. रंगमंचावर आमचा जिवंत घोडा आजारी पडला होता तेव्हा आला, तेव्हापासूनचा ओळखीचा. (सही)
२. सुपार्दी, बस टर्मिनसमागच्या खोल्यांचा मालक. पाक सुरोदिपोंची शेवटची खोली यांची. साक्षीला येऊ का, असं हेच विचारायला आले. (सही)

ठिकाण: लांगेन राहायु नाट्यगृह, केदुंगसारी. गुरुवार, आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पोन, १४ मार्च २०१९.

पुरवणी, त्याच दिवशी, सह्या झाल्यावर. एक देणं राहिलं होतं. इस्पितळात जाण्याच्या आदल्या दिवशी मी पाक सुरोदिपोंची खोबरेल तेलाची बाटली नेली होती, रंग उतरवायची. माझी संपली होती, केसांना हवं होतं. ती माझ्याबरोबर इस्पितळात गेली. त्यामुळे ते बसमध्ये रंगलेल्या चेहऱ्याने बसले. टर्मिनसच्या खोलीत पाइनेमने खालच्या भजीवाल्याकडून तळणाचं तेल मागून आणलं आणि त्याने त्यांचा चेहरा पुसला. रात्रभर त्यांना तळणाचा वास येत होता, असं ती हसत सांगते. बाटली तिने कधी मागितली नाही.

आज साक्षीदार गेल्यावर बाजारातून ताजं तेल आणवलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. भरायला खिडकीबाहेर उजेडात उभी राहिले होते. थोडं तेल लोखंडी फुलाच्या सांध्यावर सांडलं. नुकसानभरपाई कार्यालयाने पुढच्या दोन तृतीयांशातून वसूल करावी. वारा आहे, फूल फिरतं आहे. आता फक्त माझाच आवाज येतो.

मग बाटली घेऊन खुर्च्यांच्या मधून रंगमंचावर चढले आणि मागे गेले. पाइनेम दुपारची पडली होती. बाटली तिच्या उंबऱ्याशी ठेवली, झाकण घट्ट करून, आणि आले त्याच वाटेने परत आले.

रातमिनाह